वडलांना घेऊन ये

"उद्या वडलांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही." माध्यमिक शाळेत 'वही काढा' याच्या खालोखाल बोललं जाणारं वाक्य बहुधा हेच असावं. शिक्षिका असताना मी ते बोलले, पर्यवेक्षिका झाल्यावर रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलं, आणि ते वडील खरोखरच आल्यावर काय होतं तेही समोर बसून पाहिलं. शाळा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, अनुदानित. बहुतेक पोरं आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येणारी, थोडी बाजारपेठेतल्या दुकानदारांची, थोडी पंचायत समितीतल्या नोकरदारांची. शिस्त समिती माझ्याकडे होती. समिती म्हणजे मी, शारीरिक शिक्षणाचे सर आणि प्रकरण चिघळलं तर मुख्याध्यापक.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. स्टाफरूममध्ये तो पोचला तो 'आता पोरांना हात लावायचा नाही' एवढाच. तेवढा पोचला तरी पुष्कळ होतं. छड्या कपाटावर गेल्या, काहींच्या हातांना चैन पडेना, हळूहळू पडली. पण मार थांबला असं मी म्हणणार नाही. तो आता वडलांच्या हातून बसू लागला.

बोलावलेला बाप कार्यालयात येतो. खुर्चीवर बसा म्हटलं तर टेकल्यासारखा बसतो, टोपी किंवा रुमाल मुठीत धरलेला असतो. तुमच्या मुलानं बाक तोडला, सरांच्या गाडीची हवा सोडली, पुडी खाऊन भिंत रंगवली (गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ही माहिती आमच्या भिंतीला नाही), एवढं सांगून होतंय तोच तो उठतो आणि मुलाच्या थोबाडीत मारतो. कुणी पायातली वहाण काढतो. शारीरिक शिक्षणाचे सर "अहो, राहू द्या, राहू द्या" म्हणत मध्ये पडतात, पण पहिली चापट बसून झाल्यावर. मग सही घेतली जाते, मुलगा वर्गात जातो, आणि आम्हांला सगळ्यांना हलकं वाटतं. कायदा पाळला गेला, मारही बसला.

ती चापट मुलासाठी नसते, हे मला बरंच लवकर उमगलं होतं, कारण बाप मारताना मुलाकडे बघतच नाही. तो आमच्याकडे बघतो. दिवसाचा रोज बुडवून तो आलेला असतो. शिकलेल्या माणसांसमोर त्याला उभं केलं गेलेलं असतं. आपण बेफिकीर बाप नाही, आपल्या घरातही वळण आहे, हे दाखवायला त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. मुलालाही हे कळतं. म्हणून तो रडत नाही. बाप गेल्यावर शाळेशी असलेला त्याचा हिशोब तेवढा वाढलेला असतो.

दुसऱ्या तऱ्हेचा पालकही असतो. तो बोलावल्याशिवाय येतो आणि एकटा येत नाही. नववीतला एक मुलगा बुलेटवरून यायचा. सायलेन्सर बदललेला, शाळा सुटताना मुलींच्या घोळक्याशेजारून फटाके वाजवत जायचा. एका मुलीची सायकल त्यानं आडवी केली, तिचं मनगट मोडलं. मी त्याला दोन दिवस घरी थांबायला सांगितलं, तर वडील दोन माणसं घेऊन हजर. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. "मुलगी स्वतः पडली. साक्षीदार कोण आहे?" मी त्यांना २०१९ ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती सांगितली. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गाडी माझ्या नावावर नाही. मेव्हण्याच्या नावावर आहे." मुलगा शेजारीच उभा होता. त्या दिवशी वडलांकडून तो जे शिकला ते नागरिकशास्त्राच्या कुठल्याही तासाला शिकला नसता.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. सुट्टी असूनही आमचा स्टाफचा ग्रुप त्या दिवशी पेटला होता. एका सरांनी लिहिलं, "कॉपी केली म्हणून आपण हजार शब्दांचा देतो." पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई-वडलांनाही अटक झाली, तेव्हा ग्रुप गप्प होता. मला मात्र मेव्हण्याच्या नावावरची बुलेट आठवत होती. पैशाचा आकडा वेगळा, शहर वेगळं, पण मुलाच्या आणि त्याच्या कृत्याच्या मध्ये उभं राहायची तऱ्हा तीच.

वहाण काढणारा आणि माणसं घेऊन येणारा हे दोघे एकमेकांच्या उलट वाटतात. कार्यालयात बसून पाहिलं तर दोघांचं काम एकच असतं. दोघे शाळेला उत्तर द्यायला आलेले असतात, एक हातानं देतो, एक तोंडानं. मुलगा असं का वागतोय, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. आम्ही पालकांना बोलावतो ते तक्रार ऐकवायला. तो रात्री किती वाजता झोपतो, घरात सध्या कोण कोण आहे, गेल्या सहा महिन्यांत घरात काय घडलं, तो कुणाच्या ओट्यावर बसतो, ही माहिती फक्त त्यांच्याकडे असते. तिचा एक शब्दही आमच्या शिस्तीच्या रजिस्टरात नसायचा. रजिस्टरात रकाने तीन: गैरवर्तन, दिलेली समज, पालकाची सही.

आता आमच्या भागातली मोठी अडचण. दसरा झाला की निम्मे पालक ऊसतोडीला जातात, जिल्ह्यात नसतातच. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून दोघांनाही जावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर कर्नाटकात. परततात ते कारखान्यांचं गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. अशा माणसाला 'उद्या वडलांना घेऊन ये' म्हणजे काय, याचा विचार वाक्य बोलणाऱ्यानं केलेला नसतो. मुलगा मात्र करतो. तो वडील आणतो.

आमच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलवाल्यानं एका वर्षात तीन वेगवेगळ्या मुलांचा चुलता म्हणून आमच्या रजिस्टरात सही केली. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी चहाची उधारी विचारली, तर लाजून हसला. पोरं वडापाववर त्याला आणत असत, असं पुढे कळलं. प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा म्हणून पोरं स्वतःचाच अंगठा उठवत. मोबाइलचं तर विचारूच नका. एका गैरहजर मुलाच्या 'वडलांना' मी फोन लावला आणि भारदस्त आवाजात उत्तर आलं, "हां मॅडम, त्याला ताप हाय." मागे बसची घंटी वाजत होती आणि कंडक्टर आमच्याच गावाचं नाव पुकारत होता. शाळेच्या नोंदीत पालकाचा नंबर म्हणून त्या मुलानं स्वतःचाच दिला होता. गैरहजेरीचे सगळे संदेश वर्षभर त्यालाच जात होते. खरं तर शाळेनं त्याची नोंद 'जबाबदार पालक' म्हणून घ्यायला हरकत नव्हती.

हसून झाल्यावर नियम बघितले की हसू ओसरतं. पोषण आहार आठवीपर्यंत. ऊसतोड कामगारांची मुलं गावात राहावीत म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहं आठवीपर्यंतच्या मुलांचा विचार करून बेतलेली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६, म्हणजे मुलाला शाळेतून काढता येणार नाही हे संरक्षण, तेही प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होतो, त्याला मिसरूड फुटते, आई-बाप सहा महिने गावात नसतात, आणि नेमकं तेव्हा एकेक आधार काढून घेतला जातो. घरात म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं. घरातला कर्ता पुरुष तोच. शेळीला पाला तोच आणतो, दळण तोच टाकतो, रात्री आजीला दिसत नाही म्हणून गोळ्या तोच मोजून देतो. सकाळी शाळेत येऊन त्यानं सव्वाआठला 'उभा राहा' म्हटल्यावर उभं राहायचं. मला या वयाच्या मुलांच्या उद्धटपणाचा कंटाळा यायचा, पण आश्चर्य कधी वाटलं नाही.

शाळेच्या हाती नववीतच दाखल्याचं शस्त्र येतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असतो, त्यामुळे कच्ची आणि त्रासदायक पोरं नववीत गाळली जातात. पालकाला बोलावून "दाखला घेऊन जा, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल" असं गोड बोलून सांगितलं जातं. त्याआधी एक हमीपत्र लिहून घेतलं जातं: 'माझ्या पाल्याने पुन्हा गैरवर्तन केल्यास शाळा देईल तो निर्णय मला मान्य राहील.' अंगठा उठवणाऱ्या माणसाला ते वाचून दाखवायची पद्धत नव्हती. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात मात्र 'चांगली' असंच लिहायचं. या एका शब्दावर महाराष्ट्रातल्या किती शाळांनी किती मुलांना निरोप दिला असेल, देव जाणे.

आणि मुली. मुलांच्या बाबतीत पालकांना बोलावणं हे फार तर निरुपयोगी ठरतं. मुलींच्या बाबतीत ते धोक्याचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं राज्यातलं प्रमाण साधारण २२ टक्के होतं. बीडमध्ये ते याच्या जवळपास दुप्पट. वयात आलेली मुलगी मागे ठेवून ऊसतोडीला जायचं म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर, आणि लग्न लावलं की एक नवा कोयताही तयार होतो. या सगळ्यात शाळेतून एक फोन गेला, 'तुमच्या मुलीच्या दप्तरात मोबाइल सापडला', की पुढचं कुणी थांबवू शकत नाही.

असा मोबाइल सापडला होता. नववीतलीच मुलगी, अभ्यासात बरी, कबड्डीत फार चांगली. मोबाइल तिला अकरावीतल्या एका मुलानं दिलेला. वर्गशिक्षकांचं म्हणणं सरळ होतं, वडलांना कळवा. वडील बेळगावकडच्या एका कारखान्यावर. मी कळवू दिलं नाही. त्यावर स्टाफरूममध्ये बरंच बोलणं झालं. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, मॅडमची का, असा प्रश्न निघाला, आणि तो प्रश्न चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मी तिच्याकडून आईचा नंबर घेतला. आईचा वेगळा नंबर असतो हे आमच्या नोंदींना ठाऊकच नव्हतं. रात्री साडेआठला फोन लागला. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचा एकच प्रश्न, "यायच्या बापाला सांगितलं का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग सांगू नगा. मी बोलते तिच्याशी."

ती बोलली. आजीच्या फोनवर, जवळपास रोज. काय बोलली ते मी विचारलं नाही. मोबाइल कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत त्या मुलाला परत गेला, आणि त्याला काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं. मुलगी दहावी झाली, अकरावीला नाव घातलं. बारावीच्या परीक्षेआधीच लग्न झालं. वय कागदावर भरत होतं की नाही हे मला कळायच्या आत अक्षता पडून गेल्या होत्या. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर आमच्या फळ्याशेजारी मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. गावात बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची असते. तो बऱ्याचदा त्याच मांडवात जेवायला असतो. तरीही त्या आईनं मिळवलेली दोन-अडीच वर्षं मी वाया गेली असं धरत नाही.

त्या आईशी झालेल्या फोननंतर मी रजिस्टर बदललं. म्हणजे शासनानं दिलेलं नाही, माझं स्वतःचं, दोनशे पानी वही. दसऱ्याच्या आधीच्या आठवडी बाजाराला सगळ्या गावांचे पालक तालुक्याला येतात, कोयते, ताडपत्री, मीठ-मिरची घ्यायला. त्या दिवशी शाळा उशिरापर्यंत उघडी ठेवली. नववी-दहावीच्या पालकांनी बाजार करून जाता जाता यावं, असा निरोप मुलांकडून नाही, मुकादमांकडून पाठवला. मुकादमाचा निरोप कुणी टाळत नाही. आलेल्यांना मी मुलाबद्दल काही सांगितलं नाही, विचारलं. कुठल्या कारखान्यावर जाताय. फोन कुणाचा लागेल, आईचा नंबर आहे का. मागे घरात कोण. आणि शेवटी: तो कुणाचं ऐकतो? या प्रश्नावर बाप हमखास आईकडे बघत. एकानं सांगितलं, "माझं ऐकत न्हाई. मामाचं ऐकतो, मामा तालमीत जातो." एका आईनं सांगितलं, "त्याच्या बैनीचं." त्याची बहीण आमच्याच शाळेत सातवीत होती. हे मला आधी कळलं असतं तर त्या मुलाच्या प्रकरणातला बराच आरडाओरडा वाचला असता.

मग फोन. ऊसतोडीच्या माणसाशी बोलायचं तर शाळेच्या वेळेचा उपयोग नाही. पहाटे फड सुरू होतो, गाडी भरेपर्यंत सुटका नाही. रात्री आठ ते नऊ, खोपीवर चूल पेटलेली असते, तेवढी वेळ. आधी मी तक्रारीचे फोन केले. नंतर एकदा सहज, काही तक्रार नसताना केला. मुलगा गणितात पहिल्यांदाच पास झाला होता. वडील घाबरले. "काय केलं त्यानं?" काही नाही, पास झालाय. थोडा वेळ गप्प, मग, "मग फोन कामून केला?" मी म्हटलं, सांगायला. ते म्हणाले, बरं. फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी परत त्यांचाच फोन, किती मार्क पडले ते विचारायला. टोळीतल्या कुणीतरी विचारलं असणार. पुढच्या सोमवारी तो मुलगा मला म्हणाला, "मॅडम, बापाला फोन केला व्हता का?" रागानं की कशानं ते कळलं नाही. पण त्या आठवड्यात त्यानं पहिल्या बाकावर बसायला जागा मागितली, आणि तिसऱ्या दिवशी परत मागे गेला. मी त्याला अडवलं नाही.

हे सगळं सहकाऱ्यांना पटलं असं नाही. रात्रीचे फोन आमच्या नोकरीत बसतात का, असं एका तरुण सरांनी विचारलं. त्यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांची होती, त्यांचा प्रश्न रास्त होता. निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, पोर्टलवर माहिती भरणं हे सगळं बसतं, मग हे का बसत नाही, असं मी म्हटलं, पण ते वादासाठी. जबरदस्ती मी कुणावर केली नाही. तिघांनी आपापल्या वर्गाचे फोन घेतले, बाकीच्यांनी नाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी आपणहून मामा, चुलते, तालमीतले वस्ताद यांची जबाबदारी घेतली, आणि ते काम त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमलं. वस्तादाचा शब्द पंधरा वर्षांच्या पोराला मुख्याध्यापकापेक्षा मोठा असतो.

सगळी पोरं सुधारली, असं समजू नये. पुडी खाणारे खातच राहिले, फक्त भिंत बदलली. एका मुलाच्या आई-वडलांशी मी आठवड्याला बोलत होते, आजीला भेटून आले, मामाला आणलं, आणि तो जानेवारीत दप्तर घरी ठेवून टोळीत निघून गेला, कारण बापाचा पाय गाडीखाली सापडला होता आणि अर्धा कोयता मोकळा राहिला होता. याला गैरवर्तन म्हणायचं की काय म्हणायचं? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असं लिहिलं गेलं. बुलेटवाला मुलगा मात्र दहावी उत्तम गुणांनी पास झाला, मनगट मोडलेली मुलगीही. तिच्या आई-वडलांनी तक्रार केली नाही. त्यांचं किराण्याचं खातं त्या मुलाच्या वडलांच्याच दुकानात होतं.

हमीपत्राची पद्धत मात्र बंद करायला लावली. मुख्याध्यापक आधी तयार नव्हते, "संस्थेला कागद लागतो" म्हणाले. मी म्हटलं कागद ठेवा, पण त्यावर शाळा काय करणार हेही लिहा, एकट्या बापानंच काय हमी द्यायची? तो मसुदा करताना आमच्या लक्षात आलं की शाळा काय करणार, हे आम्हांला लिहिताच येत नव्हतं. दोन बैठका झाल्या, मसुदा झाला नाही, हमीपत्र आपोआप मागे पडलं.

यंदा पालक-शिक्षक संघाची सभा दसऱ्याच्या आधी, बाजाराच्या दिवशीच ठेवली आहे. विषयपत्रिकेवर नववी-दहावीच्या मुलांच्या संपर्काचा विषय पाचवा आहे, पंख्यांच्या वर्गणीचा पहिला. मी क्रम उलटा करायला सांगितलाय. वर्गणीचा विषय निघाला की निम्मे लोक उठून जातात.